केमो चालू असताना व्यायाम करायचा का, आणि ऑपरेशन झालेल्या हातानी वजन उचलायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की आई ५३ वर्षांच्या आहेत, नाशिकला असतात, डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, काखेतल्या गाठी पण काढल्यात, आणि आठ केमोपैकी दोन झाल्या. डॉक्टर म्हणाले "ॲक्टिव्ह रहा", मावशी म्हणतात पलंगावरून उठायचं नाही आणि डाव्या हातानी पाण्याचा तांब्यापण उचलायचा नाही, नाहीतर हात सुजेल. मग ऐकायचं कोणाचं, आणि ॲक्टिव्ह म्हणजे नक्की करायचं काय, किती.

ऐकायचं डॉक्टरांचं. पण "ॲक्टिव्ह रहा" एवढ्यावर भागत नाही हे मात्र खरं, कारण ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात आणि त्यात ते तेवढंच सांगू शकतात, पुढचं कोणीच सांगत नाही. मी फिजिओ आहे, १८ वर्षं झाली, त्यातली शेवटची १२ जवळपास फक्त कॅन्सरचे पेशंट बघते, आणि आज जर मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर मी हे सांगीन की आईंनी चालायचं तर आहेच, पण त्याबरोबर वजनाचा व्यायाम पण करायचाय, आणि तो डाव्या हातानीसुद्धा करायचाय. हळूहळू, मोजून, पण करायचाय.

आता मावशींवर चिडू नका. त्यांची भीती हवेतली नाहीये. काखेतल्या गाठी म्हणजे लिम्फ नोड, हातातलं जे जास्तीचं पाणी असतं ते गाळून परत रक्ताकडे पाठवायची ती चौकी असते. त्या काढल्या की पाणी जायचा रस्ता अरुंद होतो, वर रेडिएशन पडलं तर अजून, आणि मग काहीजणींना हाताला सूज येते, लिम्फिडिमा म्हणतात त्याला. ती एकदा बसली की पूर्ण जात नाही, आयुष्यभर सांभाळावी लागते. मावशींनी ओळखीत कोणाचा तरी तसा हात बघितला असणार. आणि "हात जपा, वजन उचलू नका" हा सल्ला त्यांनी मनानी काढलेला नाही, आमच्याच लोकांनी कित्येक वर्षं दिलाय, सगळ्या जगात दिलाय. अडीच किलोच्या वर काही उचलू नका, मुलाला कडेवर घेऊ नका, असं छापलेले कागद असायचे.

मी पण दिलाय तो सल्ला. नवीन होते, २००८ च्या आसपासची गोष्ट, एक ताई पोळीभाजी केंद्र चालवायच्या, उजवा हात, म्हणजे लाटायचाच हात. मी त्यांना सांगितलं कणीक मळायची नाही, डबे उचलायचे नाहीत, हात जपायचा. त्यांनी अगदी मनापासून ऐकलं. दोन वर्षांनी परत आल्या तेव्हा तो हात मांडीवर ठेवायची सवय लागली होती, खांदा इतका आखडलेला की ब्लाऊजच्या बाहीत हात घालायला सून लागायची, केंद्र बंद झालेलं, आणि सूज? सूज तरीही आली होती. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं सोडलं ते टळलं नाहीच. मी त्यांना चुकीचं सांगितलं होतं, आणि ते मला अजून टोचतं, म्हणून मी हे उत्तर इतकं लांब लिहितेय.

खरं तर तेव्हा पुरावा यायला लागला होता, माझ्यापर्यंत पोचला नव्हता एवढंच. १९९६ मधे कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांनी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. ड्रॅगन बोट म्हणजे लांबलचक होडी, आपल्याकडे केरळात असतात तशीच पण लहान, वीस-बावीस जणांनी मिळून वल्हवायची, सगळा जोर खांद्यावर आणि दंडावर. त्या काळात हे म्हणजे बायकांचा हात मुद्दाम बिघडवण्यासारखंच वाटलं असणार लोकांना. पण सीझन संपला तरी एकीलाही नवीन सूज आली नाही. आता २४ जणी म्हणजे काही मोठा अभ्यास नाही, पण मनातली भीती हलली तिथून. मग अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ आणि त्यांच्या टीमनी नीट दोन गट पाडून अभ्यास केला, तो २००९ मधे छापून आला. हातावर आधीच सूज असलेल्या १४१ बायका, अर्ध्याजणींनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, हळूहळू वाढवत, वर्षभर, बाकीच्या आपापल्या नेहमीच्या रुटीनमधे. वर्षानी बघितलं तर हाताची सूज वाढायचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ११ टक्के आणि १२ टक्के. पण सूज मधेच एकदम भडकणं हे जे असतं, ज्याच्यासाठी धावत यावं लागतं, ते वजन उचलणाऱ्यांमधे १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांमधे २९. म्हणजे निम्म्यावर. पुढच्याच वर्षी ज्यांना सूज आलेलीच नाही अशा बायकांचा अभ्यास आला, त्यात ज्यांच्या पाच किंवा जास्त गाठी काढल्या होत्या, म्हणजे बहुधा आपल्या आईंसारख्या, त्यांच्यात वजन उचलणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांना सूज आली आणि न उचलणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना. हा आकडा मावशींना वाचून दाखवा.

कारण पण सोपं आहे. लिम्फच्या रस्त्याला हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही, ते पाणी वर ढकललं जातं त्यात स्नायूंच्या आकुंचनाचा मोठा वाटा असतो. हात हलला नाही तर तो पंप बंद. आणि दुसरं असं बघा, हाताला वजन उचलायची सवयच नसेल तर ज्या दिवशी नाइलाजानी उचलावं लागेल, गॅसचा सिलिंडर सरकवणं म्हणा, एसटीत बॅग वर टाकणं म्हणा, तेव्हा तो हात एकदम पेलायच्या बाहेर ताणला जातो आणि तिथे सूज भडकते. ताकद असलेला हात रोजच्या कामानी दुखावत नाही, दुखावतो तो जपून जपून दुबळा केलेला.

बरं, हे झालं हाताचं. पण तुमचा मूळ प्रश्न केमो चालू असतानाचा आहे आणि त्याचा फायदा हातापुरता नाहीये. केमोमधे आपल्याकडे काय होतं, तर पहिल्या सायकलनंतर, म्हणजे पहिल्या केमोनंतर, पेशंट झोपते, दुसऱ्यानंतर जास्त झोपते, मांड्यांची ताकद जाते, मग कमोडवरून उठायला धरावं लागतं, मग अजून झोपते. घरच्यांना वाटतं केमोनी अशक्त झाली. अर्धं केमोनी, अर्धं झोपून. २००७ मधे कॅनडामधला २४२ पेशंटचा अभ्यास आहे, तीन गट होते, एक वजनांचा व्यायाम, एक सायकल-ट्रेडमिल, एक काहीच नाही, आणि सगळं केमो चालू असतानाच. त्यात वजनं उचलणाऱ्या गटात ठरलेल्या केमोच्या निदान ८५ टक्के डोस वेळेवर पूर्ण होणाऱ्या बायका ७८ टक्के निघाल्या, काहीच न करणाऱ्यांमधे ६६. नेदरलँड्समधे २०१५ मधे आलेल्या २३० जणांच्या अभ्यासात तर फिजिओच्या देखरेखीखाली चांगला मध्यम ते जोराचा व्यायाम करणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांचाच डोस कमी करावा लागला, बाकी दोन्ही गटांत ३४ टक्के. आणि त्या बाकीच्यांतला एक गट घरच्या घरी हलकं चालणाऱ्यांचा होता हे लक्षात घ्या. चालणाऱ्यांना बाकी फायदे झाले, मळमळ कमी झाली, दम टिकला, पण डोसच्या बाबतीत फरक पडला तो जोर लावणाऱ्यांमधे. म्हणून मी म्हणते नुसतं चालून भागत नाही.

डोस पूर्ण होणं ही मोठी गोष्ट आहे हो. केमो पुढे ढकलली की घरचे म्हणतात बरं झालं जरा विश्रांती मिळाली, पण ती वेळेवर आणि पूर्ण जाण्यातच तिचा खरा उपयोग असतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण व्हॉट्सॲपवर उलटसुलट फिरत असतं. व्यायाम केला म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर परत येणारच नाही असं मी म्हणत नाही. जास्त चालणाऱ्या बायका जास्त जगल्या असे अभ्यास आहेत, पण ज्या मुळात धडधाकट असतात त्याच जास्त चालतात, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं हे त्यातून ठरत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधे २०२५ साली ८८९ पेशंटचा पक्का अभ्यास आला, ऑपरेशन आणि केमो संपल्यावर तीन वर्षं व्यायाम करून घेतलेल्यांमधे आजार उलटायचं प्रमाण कमी झालं. ब्रेस्टमधे त्या तोडीचं उत्तर अजून हातात नाही. पण थकवा, ताकद, झोप, मन, खांदा, यांच्यासाठी इतका पुरावा आहे की २०२२ मधे अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनी, ॲस्को म्हणतात त्यांना, लिहून टाकलं की बरं करण्याच्या उद्देशानी ट्रीटमेंट चालू असलेल्या पेशंटना डॉक्टरांनी दमछाकीचा, म्हणजे भरभर चालण्यासारखा, आणि वजनाचा असे दोन्ही व्यायाम सांगायला हवेत. आणि व्यायाम म्हणजे केमोच्या जागी नाही, केमोच्या सोबत. जो कोणी सांगेल केमो सोडा, नुसता योगा करा, त्याचा नंबर ब्लॉक करा.

करायचं काय ते आता सांगते. पण आधी तपासायच्या गोष्टी. जखम पूर्ण भरलीये ना, ड्रेनची नळी निघाल्यानंतर तिथे पाणी साठून फुगवटा येत नाहीये ना, आणि खांदा किती वर जातो. आईंना भिंतीकडे तोंड करून उभं करा, बोटं भिंतीवर मुंगीसारखी चालवत वर न्यायला सांगा, आधी उजवा मग डावा, दोन्हीकडे पोचलं तिथे खडूनी खूण करा. दोन महिन्यांनी डावा जवळपास उजव्याइतका जायला हवा. जात नसेल तर हे पहिलं काम, कारण पुढे रेडिएशन लागणार असेल तर मशीनखाली हात डोक्याच्या वर घेऊन पडून रहावं लागतं आणि हात जातच नाही म्हणून प्लॅनिंग अडलेल्या कितीतरी बायका माझ्याकडे घाईघाईत पाठवल्या जातात. लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत धरून, उताणं झोपून, डोक्यावर न्यायची, चांगला हात आजारी हाताला मदत करतो, दहा वेळा, दिवसातून दोनदा. ताणल्यासारखं वाटलं पाहिजे, डोळ्यांत पाणी येईल इतकं नको. काखेतून कोपरापर्यंत एखादी तार ओढल्यासारखी दिसली, काहीजणींना ती बोटाला लागते सुतळीसारखी, तर घाबरू नका, कॉर्डिंग म्हणतात, ऑपरेशननंतर बऱ्याचजणींना होतं, फिजिओ हातानी हळूहळू मोकळं करतात, आणि त्यावर उपाय ताणण्याचाच आहे, हात बांधून ठेवण्याचा नाही. २०२१ मधे इंग्लंडमधून ३९२ बायकांचा अभ्यास आला, ज्यांचा खांदा आखडायची शक्यता जास्त होती त्यांना ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांतच फिजिओनी व्यायाम सुरू करून दिले, वर्षानी त्यांचा हात जास्त चांगला चालत होता.

चालणं. ध्येय आठवड्यातून निदान तीन दिवस अर्धा अर्धा तास, पण सुरुवात अर्ध्या तासानी नाही. आज सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं, नाही जमलं तर पाच मिनिटं हॉलमधे. वेग किती, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं येत असेल तर ते फिरणं झालं, व्यायाम नाही, जरा पाय उचला. वाक्य पूर्ण होत नसेल तर कमी करा. नाशिकची हवा सकाळी छान असते, ऊन व्हायच्या आत जा, केमोमधे उन्हानी त्वचा काळवंडते.

वजनं. आठवड्यातून दोन दिवस, मधे निदान एक दिवस मोकळा. खुर्चीवर बसून उठणं, हात न टेकता, हा माझ्या मते केमोमधला सगळ्यात महत्वाचा व्यायाम आहे कारण मांडीचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी आणि तेच आधी जातात. आठ वेळा उठा, दोन मिनिटं बसा, परत आठ. मग भिंतीला हात लावून पुश-अप, भिंतीपासून एका हाताच्या अंतरावर उभं राहून. मग ओट्याला धरून टाचा उचलणं. मग थेराबँड, तो रबरी पट्टा मेडिकलच्या दुकानात मिळतो, सगळ्यात मऊ रंगाचा घ्या, खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायचा, पाठीच्या पात्या जवळ आणत, हा अजिबात सोडू नका कारण ऑपरेशननंतर बायका नकळत खांदा पुढे झुकवून छाती झाकून चालायला लागतात आणि मान दुखत राहते. मग बाटली. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलो, डावा हात तिथून सुरू. कोपरातून वाकवून वर, दहा वेळा. दोन दिवस असेच करा. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही, बांगडी किंवा अंगठी घट्ट झाली नाही, तर पुढच्या आठवड्यात बारा वेळा, मग पंधरा, मग एक किलो आणि परत आठ. म्हणजे आकडा आठ ते पंधराच्या मधे, दोन सेट, आणि शेवटचे दोन-तीन जरा जड गेले पाहिजेत, सगळे सहज होत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. एक काळजी, मधे दोन आठवडे बंद पडलं तर जिथे सोडलं तिथून सुरू नाही करायचं, निम्म्या वजनापासून. बहुतेकजणी इथेच गडबड करतात, बरं वाटलं की उत्साहानी.

बाटली हातात द्यायच्या आधी एक टेप घ्या, शिंप्याची असते ती, कोपराच्या वर दहा सेंटिमीटर आणि खाली दहा सेंटिमीटर, दोन्ही हातांचा घेर लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच माणसानी मोजायचं. आधीपेक्षा दोन हातांतला फरक दोन सेंटिमीटर वाढला, किंवा हात लाल, गरम, दुखरा झाला तर व्यायाम थांबवून दाखवायचं. सूज जितकी लवकर पकडली तितकी आटोक्यात राहते. सूज आलीच तर व्यायाम कायमचा बंद होत नाही, लिम्फिडिमावाल्या फिजिओकडून मापाचा स्लीव्ह, म्हणजे हातावर घालायची घट्ट बाही, घेऊन तो घालून करायचा.

आता केमोच्या कॅलेंडरला हे कसं बसवायचं. आठ केमो म्हणालात, म्हणजे बहुतेक पहिल्या चार लाल औषधाच्या आणि पुढच्या चार दुसऱ्या औषधाच्या, २१ दिवसांनी. केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी स्टिरॉइडमुळे बरं वाटतं, तिसऱ्या चौथ्या दिवशी एकदम खाली येतं, त्या दिवसांत घरातल्या घरात पाच पाच मिनिटं, एवढंच, पण शून्य नको. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर देत असतील तर त्याच दिवसांत कंबर, मांड्या, हाडं ठणकतात, तो व्यायामाचा दोष नसतो, बायका उगाच व्यायाम सोडतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली असतात, तेव्हा घरी किंवा मोकळ्या जागेत करा, जिम, स्विमिंग पूल, भाजीमार्केटची गर्दी नको. आणि पंधरा ते एकवीस हा आईंचा चांगला आठवडा, वाढवायचं ते तेव्हा वाढवायचं. म्हणजे आलेख सरळ वर जाणार नाही, लाटेसारखा जाईल, प्रत्येक सायकलला खाली येऊन परत वर. हे आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर तिसऱ्या केमोनंतर त्या म्हणतील मागच्या आठवड्यात वीस मिनिटं चालले आज पाच पण होत नाहीत, माझं काही खरं नाही.

रिपोर्ट बघायला शिका. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल किंवा प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली, तर वजनं बंद, हलकं चालणं डॉक्टरांना विचारून. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली असतील तर काहीच स्वतःच्या मनानी नाही. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला तर व्यायाम राहू दे, क्रोसिन पण देऊ नका आधी, रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटल गाठा, केमोमधला ताप ही इमर्जन्सी असते. छातीत दुखणं, पडल्या पडल्या धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, चक्कर, यातलं काहीही असेल तर थांबायचं आणि फोन करायचा. लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला असतो, त्याचा रिपोर्ट फिजिओला पण दाखवा. दंडात पिक लाइन, म्हणजे केमो द्यायला शिरेत घातलेली लांब नळी, असेल तर त्या हाताचं वजन बंद, छातीत पोर्ट, म्हणजे त्यासाठीच कातडीखाली बसवलेली डबी, असेल तर जखम भरल्यावर चालतं. आणि हाडात आजार पसरलेला असेल, तो आईंचा नाहीये तुम्ही लिहिलंय त्यावरून, पण दुसरं कोणी वाचत असेल म्हणून सांगते, तर हे वाचून घरी काही सुरू करू नका. व्यायाम त्यांच्यासाठी पण आहे, २०२४ मधे युरोप-ऑस्ट्रेलियातला ३५७ पेशंटचा अभ्यास पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्याच बायकांचा होता आणि त्यांचा थकवा कमी झाला, पण कुठल्या हाडावर किती भार द्यायचा हे स्कॅन बघूनच ठरवावं लागतं.

पाचव्या केमोपासून औषध बदललं की तळपायाला, बोटांना मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकतो. तेव्हा चप्पल पायातून निसटते आणि कळत पण नाही. मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट, जिन्याला कठडा धरणे, आणि ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहायचा सराव, हा आत्तापासूनच सुरू करा. बाथरूममधे पायपुसणं घसरतं ते काढा.

योगा. नेहमी विचारतात. परळच्या टाटा हॉस्पिटलनी साडेआठशे बायकांवर योगाचा अभ्यास केलाय, ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या गरजेनुसार बसवलेली साधी आसनं आणि श्वासाचे प्रकार घेऊन, आणि आपल्याच मातीत इतकं मोठं काम झालं याचा मला फार अभिमान वाटतो. आईंना सवय असेल तर जरूर करू द्या, अनुलोम-विलोम, शवासन, मन शांत राहतं, झोप लागते. केमोमधे जोराची कपालभाती मी घेऊ देत नाही, मळमळ वाढते. पण योगा केला म्हणून बाटली बाजूला ठेवायची नाही, दोघांचं काम वेगळं आहे.

खाण्याबद्दल थोडंच. आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की शिरा, तूप, डिंकाचे लाडू, आणि केमोमधे बऱ्याचजणींचं वजन उतरत नाही, उलट वाढतं, तेही चरबीचं, स्नायू मात्र उतरलेले असतात. आणि वाढलेलं वजन हे हातसुजेचं एक मोठं कारण आहे. त्यामुळे लाडवाऐवजी अंडं, डाळ, पनीर, मासे जे चालतं ते, आणि व्यायाम झाल्यावर काहीतरी प्रोटीन. कच्चं सॅलड, बाहेरचं चिरलेलं फळ काउंट खाली असताना नको.

रेडिएशनच्या वेळी हेच चालू ठेवायचं, फक्त सैल सुती ब्लाऊज, घामानी त्वचा चोळली जाऊ नये एवढं बघायचं, आणि खांद्याचं ताणणं रेडिएशन संपल्यावर पण वर्षभर सोडायचं नाही कारण आखडणं नंतर येतं, सगळं झालं असं वाटल्यावर. त्यापुढे पाच-दहा वर्षं हॉर्मोनची गोळी लागली आणि सांधे धरले, सकाळी मूठ मिटेना, तर त्यावर पण हाच व्यायाम आहे. २०१५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा वजनं आणि अडीच तास दमछाक असं वर्षभर केल्यावर सांधेदुखी साधारण २९ टक्क्यांनी उतरली होती. सांधे दुखतात म्हणून बायका गोळी परस्पर बंद करतात, ते करू देऊ नका.

आणि तुम्ही विचारलं नाही पण मला बोलायचंय. आईंच्या हातातलं सगळं काम काढून घेतलंय ना तुम्ही लोकांनी? प्रेमानीच केलंय, मला कळतं. पण ५३ वर्षांची बाई, जिनी तीस वर्षं घर चालवलं, तिला चहापण करू देत नाहीत तेव्हा तिला आजारी नाही, निकामी वाटायला लागतं. चहा त्यांना करू द्या. डाव्या हातानी डबा काढू द्या वरच्या फळीवरचा, तो खांद्याचाच व्यायाम आहे. देवपूजा, निवडणं-टिपणं, कपड्यांच्या घड्या, सगळं चालतं. विळीवर मात्र केमो संपेपर्यंत नको, कापलं की काउंट कमी असताना जंतू जातात, आणि डाव्या हाताला कापणं, भाजणं कायमच टाळायचं, ओव्हनमधून काही काढताना ग्लव्ह, बागकामाला ग्लव्ह. बीपी आणि सुई शक्यतो उजव्या हातात.

मावशींना यात घ्या. ज्या बाईला इतकी काळजी आहे ती रोज संध्याकाळी आईंबरोबर दहा मिनिटं चालली तर तुमचं अर्धं काम झालं, आणि टेपनी हात मोजायचं काम पण त्यांच्याकडेच द्या, वहीत लिहून ठेवायला सांगा, म्हणजे सूज येत नाहीये हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. आमच्याकडे येणाऱ्या बायकांमधे ज्यांच्याबरोबर कोणीतरी रोज चालतं त्यांचं टिकतं, एकट्याचं सहसा दुसऱ्या सायकलला सुटतं.

तिसरी केमो कधी आहे ते लिहिलं नाहीत. त्या दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, वजनाचा व्यायाम सुरू केला तर चालेल का, इको कसा होता, आणि हॉस्पिटलमधे किंवा नाशिकमधे कॅन्सरचे पेशंट बघणारा फिजिओ कोण आहे. पहिल्या दोन-तीन वेळा समोर उभं राहून कोणीतरी करून घेतलेलं बरं, मग घरी. खांद्याच्या खुणा, दोन्ही हातांची मापं आणि खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं तो आकडा मला इथेच लिहून कळवा, मग सुरुवात कुठून करायची ते नेमकं सांगते.